तास वर, मिनिटं मध्ये, सेकंद खाली: असल्या विचित्र डायलची जुनी घड्याळं घेताना नक्की काय बघायचं?

तिरपा_काटा

मंडळी, सल्ला हवाय आणि जरा लांबण लावतोय, सांभाळून घ्या. चार-पाच वर्षं झाली मी जुनी चावीची घड्याळं जमवतोय, आत्तापर्यंत सगळी सरळमार्गी, दोन काटे, खाली सेकंदाचं छोटं वर्तुळ, फार तर तारखेची खिडकी. पण मध्ये एका ओळखीच्यांच्या हातात काटेच नसलेलं घड्याळ बघितलं, वर एक चौकोनी भोक त्यात ७, खालच्या भोकात मिनिटं सरकतायत, आणि आमचं बोलणं चालू असतानाच त्या ७ चा खट्कन ८ झाला. झालं, तेव्हापासून घरातली सगळी घड्याळं मला एकाच साच्यातली दिसायला लागलीयेत.

आता दोन समोर आलीयेत आणि एकच घेणं जमणारे.

पहिलं मनगटी रेग्युलेटर. म्हणजे मधोमध फक्त मिनिटकाटा, वर १२ च्या खाली तासाचं छोटं वर्तुळ, ६ च्या वर सेकंदाचं. विकणारा म्हणतो १९४० च्या आसपासचं आहे, "अत्यंत दुर्मिळ". चांगलं मोठं आहे, ४३-४४ मिमी भरेल, मागे काच आहे त्यातून मशीन दिसतं. डायल पांढरंशुभ्र, एक डाग नाही.

दुसरं १९७० च्या दशकातलं जंप अवर, म्हणजे तासाचा आकडा खिडकीत उडी मारून बदलणारं, दोन खिडक्यांचं, त्या काळच्या एका छोट्या स्विस नावाचं. केसवर ओरखडे, काच प्लास्टिकची आणि धुरकट, मिनिटांच्या चकतीवरचे आकडे जरा पिवळट पडलेत. चालू आहे.

मन पहिल्याकडे ओढतंय, कारण बघितल्यावर जीव जातो हो त्याच्यावर. पण असल्या डायलमधलं मला शून्य कळतं. ओरिजनल कसं ओळखायचं आणि रोज घालता येतं का हे, की नुसतं पेटीत ठेवायचं?

गिअरवाला_आबा

पहिलं घेऊ नका. फोटो न बघता सांगतोय.

तुमच्याच वर्णनात तीन गोष्टी आहेत. एक, साइज. १९४० च्या सुमाराला पुरुषांची मनगटी घड्याळं साधारण ३० ते ३६ मिमीत असायची, वैमानिकांची वगैरे मोठी होती पण तो प्रकार वेगळा. दोन, मागची काच. त्या काळी मशीन दाखवायची हौस कोणाला नव्हती, झाकण म्हणजे पत्र्याचं. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, रेग्युलेटर हे मुळात भिंतीवरच्या घड्याळाचं डायल आहे. वेधशाळेत आणि घड्याळजीच्या दुकानात एक अचूक मोठं घड्याळ असायचं, बाकीची त्याच्यावरून लावायची. तिथे मिनिट आणि सेकंद चटकन आणि नेमके दिसायला हवेत, तासाचा काटा मध्ये येऊन मिनिटकाटा झाकायला नको, म्हणून त्याला बाजूला हाकललं. मनगटावर हे डायल नियमित उत्पादन म्हणून आलं ते खूप नंतर, गेर्ड-रूडिगर लांग यांच्या क्रोनोस्विसने १९८० च्या दशकाच्या शेवटी रेग्युलेटर काढलं तेव्हा. त्याआधीचं एखादं सुटं काम निघेलही, पण "१९४०, मोठी केस, मागे काच, डायल कोरं" हे सगळं एकत्र म्हणजे खिशातल्या घड्याळाचं मशीन नव्या केसात बसवलेलं, नाहीतर सरळ हल्लीचं.

तपासायला सोपं आहे. मागच्या काचेतून भिंग लावून बॅलन्स चाकाच्या (सतत पुढे-मागे झोके घेणाऱ्या चाकाच्या) खाली बघा, प्लेटवर नंबर असतो बहुतेक. ६४९७ किंवा ६४९८ दिसला की समजा ते युनिटास या स्विस कंपनीचं खिशातल्या घड्याळासाठी केलेलं मशीन आहे, व्यास ३६.६ मिमी, म्हणूनच केस एवढी मोठी लागते. मशीन म्हणून उत्तमच, त्याला नावं ठेवत नाही मी. पण ते अजूनही बनतं, त्याच्यावर १९४० ची गोष्ट चिकटवली की झालं दुर्मिळ.

असल्या डायलमध्ये एक लक्षात ठेवा, डायल विचित्र असेल तर त्याच्या खालचं मशीनही तितकंच विचित्र असायला हवं. तास बाजूला न्यायचा तर तिथपर्यंत चाकं न्यावी लागतात, उडी मारायची तर लिव्हर लागतो. वरचं रूप आणि खालची चाकं यांचा मेळ बसत नसेल तर कोणीतरी नंतर हात मारलाय.

खिडकीतला_८

माझ्याकडे जंप अवर तीन आहेत त्यामुळे मी दुसऱ्याच्या बाजूने बोलणार हे उघडच आहे 😀

आधी आत काय चालतं ते सांगतो म्हणजे काय बघायचं ते आपोआप कळेल. चांगल्या जंप अवरमध्ये मिनिटांच्या चाकावर गोगलगाईच्या आकाराचा एक कॅम (वेड्यावाकड्या कडेची चकती) असतो, तो तासभर एका लिव्हरला हळूहळू वर ढकलतो आणि स्प्रिंग ताणत जातो, साठावं मिनिट आलं की लिव्हर कॅमच्या कड्यावरून खाली पडतो आणि तासाच्या बारा दात्यांच्या चाकाला एक टिचकी मारतो. म्हणजे घड्याळ तासभर थोडं थोडं बळ साठवतं आणि एका क्षणात उडवतं. त्यामुळे तास भरत आला की बॅलन्सचा झोका जरा कमी होतो, आणि तेल सुकलेलं असेल तर घड्याळ बरोब्बर ५८-५९ मिनिटांवर बंद पडतं. "अधूनमधून थांबतं" असं विकणारा म्हणाला तर विचारा किती वाजता थांबतं.

७० च्या दशकातल्या स्वस्त घड्याळांत एवढं नाटक नसतं. मिनिटांच्या चकतीवर एक बोट असतं, ते शेवटच्या काही मिनिटांत तासाच्या दात्याला ढकलायला लागतं आणि अर्ध्यावर गेला की जंपर नावाची एक छोटी स्प्रिंग त्याला पुढच्या खाचेत ओढून घेते. म्हणून ५६ मिनिटांनंतर तासाचा आकडा खिडकीत हळूच सरकायला लागतो आणि मग खट्. ते बिघडलेलं नसतं, त्याचं तसंच असतं.

तर बघायला जाल तेव्हा बारा उड्या बघा. बारा म्हणजे बारा, एक नाही. चावी ओढून काटे, म्हणजे चकत्या, पुढे फिरवत न्या आणि प्रत्येक तास खिडकीच्या मधोमध बसतो का ते बघा. मागे फिरवू नका, तासाच्या जवळ तर अजिबातच नाही, कॅमवाल्यात लिव्हर त्या उभ्या कड्याला जाऊन अडतो आणि काहीतरी वाकतं. माझं पहिलं असंच गेलं, घरी आणल्यावर अर्ध्या तासात, स्वतःच्या हाताने.

आणि पिवळट आकडे ही चांगली खूण आहे, घाबरू नका. चकती ओरिजनल असण्याची शक्यता त्याने वाढते.

जुनं_ते_जुनं

आबांशी ९०% सहमत. पण नुसतं मशीन बघून भागत नाही, तबकडी पण वाचता यायला हवी, कारण मशीन बरोबर आणि छपाई परवाची हा प्रकार सर्रास चालतो.

दहापट भिंगातून बघा. जुन्या चांगल्या छपाईत शाई किंचित उठून दिसते, कड स्वच्छ असते. नव्याने छापलेल्यात अक्षरं जाड, कडा पसरलेल्या, आणि अगदीच हलकं काम असेल तर रंगाचे बारीक ठिपके दिसतात. मिनिटांच्या रेघा छोट्या वर्तुळांना जिथे भेटतात तिथे बघा, ओरिजनल डायल आखणाऱ्याने ती रेघ कुठे तोडायची हे ठरवलेलं असतं, पुन्हा छापणारा तिथे गडबडतो. छोट्या वर्तुळांच्या आत बारीक कोरल्यासारखी गोल चक्रं बहुधा असतात, ती गुळगुळीत झालेली असतील तर कोणीतरी घासलंय. सगळ्यात खाली ६ च्या पायथ्याशी "स्विस" किंवा "स्विस मेड" असायला हवं ते गायब असेल तर शंका घ्या.

मग डायलचे पाय. तबकडीच्या मागे तांब्याचे दोन बारीक पाय असतात, ते मशीनमधल्या दोन भोकांत बसतात आणि ती भोकं प्रत्येक मशीनची वेगळ्या जागी. दुसऱ्या मशीनची तबकडी बसवायची तर पाय छाटून चिकटवावी लागते. घड्याळजीला सांगा डायल उचलल्यावर पायांचा एक फोटो काढून द्या. छाटलेले पाय आणि गोंदाचा ठिपका दिसला की बाकी काही विचारायची गरज नाही.

चोवीस_ताशी

रोज घालता येतं का यावर माझं मत: येतं, पण डोळ्याला पंधरा दिवस द्यावे लागतात.

मी २४ तासांच्या डायलचं घालतो, ज्यात तासकाटा दिवसातून एकदाच फिरतो. ग्लायसिनने १९५३ मध्ये एअरमन काढलं ते विमानवाल्यांसाठी, आणि १९६२ च्या मे महिन्यात स्कॉट कार्पेंटर अवकाशात गेला तेव्हा हातात ब्राइटलिंगचं २४ तासांचं घड्याळ होतं, वर दिवस-रात्र कळत नाही म्हणून. (परत येताना समुद्रात उतरला आणि खाऱ्या पाण्याने ते घड्याळ वाया गेलं, वाईट वाटतं वाचून.) सोव्हिएत राकेटाची ध्रुवावरच्या लोकांसाठीची पण त्याच कारणाने.

पहिल्या आठवड्यात मी दोनदा चुकीच्या वेळी पोचलो. आता उलट झालंय, साध्या घड्याळाकडे बघितलं की क्षणभर काही सुचत नाही. बायको मला वेळ विचारत नाही, म्हणते तू आधी गणित करणार मग सांगणार.

लूम_नको

एक गोष्ट कोणीच बोललं नाही म्हणून मध्येच. जुन्या डायलवर अंधारात चमकणारा रंग (लूम) असेल आणि घड्याळ १९६० च्या आधीचं असेल तर तो रेडियमचा, म्हणजे किरणोत्सर्गी, असण्याची शक्यता खूप. चमकत नाही म्हणजे संपला असं समजू नका. चमकायचं काम त्यातलं झिंक सल्फाइड करतं, ते काही वर्षांत मरतं, रेडियम-२२६ चं अर्धायुष्य साधारण १६०० वर्षं आहे, तो तसाच बसलेला असतो. बंद केसात घालायला लोक घालतात, पण झाकण किंवा काच घरी उघडून डायल खरवडणं, फुंकर मारणं, ब्रश फिरवणं बिलकुल नको, ती धूळ श्वासातून आत जाते. ६ च्या बाजूला बारीक "टी" छापलेला असेल तर ट्रिटियम, त्याचं अर्धायुष्य १२ वर्षांच्या आसपास, त्याची एवढी धास्ती नाही.

जंप अवरच्या चकत्यांवर सहसा लूम नसतोच, त्यामुळे दुसरं घेतलंत तर हा प्रश्न येणारही नाही. पण छंद लागलाच आहे तर पुढे येईल.

गिअरवाला_आबा

लूमचं बरोबर.

पुन्हा छापलेलं डायल म्हणजे पापच असं मात्र मी मानत नाही. अर्ध्या भागात रोमन आणि अर्ध्यात साधे आकडे असतात ना, ज्याला कॅलिफोर्निया डायल म्हणतात, ती मांडणी १९३०-४० च्या दशकातली आहे पण नाव मिळालं ते पुढे कॅलिफोर्नियात जुनी डायल पुन्हा रंगवून देणाऱ्यांमुळे असंच सांगतात. म्हणजे नक्कल करणाऱ्याच्या गावाचं नाव अस्सलला चिकटलं. पाण्याने खाल्लेलं डायल कोणी चांगल्या हाताने पुन्हा केलं आणि तसं सांगून विकलं तर मला चालतं.

जुनं_ते_जुनं

"तसं सांगून" इथेच सगळं अडतं आबा. पहिला मालक सांगतो, दुसरा विसरतो, तिसऱ्याला माहीतच नसतं. मी डाग असलेलं घेईन पण रंगवलेलं नाही.

गिअरवाला_आबा

बरं, तुम्ही डाग घ्या.

खिडकीतला_८

भांडू नका, नवीन माणूस पळून जाईल 😂

@तिरपा_काटा तुम्हाला हा जंतू चावलाच आहे तर थोडा मागचा-पुढचा माल पण बघून ठेवा, घ्यायला नाही, नजर तयार व्हायला. आकडे खिडकीत दाखवायची कल्पना काही ७० ची नाही, योझेफ पालवेबरच्या पेटंटवर १८८० च्या दशकात आयडब्ल्यूसीने खिशातली आकडेवाली घड्याळं बनवली होती. मनगटावर कार्टिएचं टँक आ गिशे १९२८ चं, अख्खं तोंड धातूचं, फक्त दोन बारकी भोकं आणि चावी वर १२ च्या जागी. हे बघितलं की ७० ची घड्याळं कुठून चोरलीत ते कळतं.

मग अमिडाचं डिजिट्रेंड, १९७६. गाडी चालवताना मनगट न वळवता वेळ दिसावी म्हणून खिडकी समोरच्या कडेला उभी, पण चकत्या मात्र आत आडव्याच पडलेल्या, मध्ये एक प्रिझम जो आकडे वळवून दाखवतो. त्यामुळे चकत्यांवरचे आकडे उलटे छापलेत, आरशातल्यासारखे. बाहेरून अवकाशयान आणि आतलं मशीन अगदी साधं स्वस्तातलं. हे मला फार आवडतं, कारण सगळी हुशारी एका काचेच्या तुकड्यात आहे.

आणि पाटेक फिलिपचं १९५८ चं कोब्रा, लुई कोतिएने केलेलं, ज्यात वेळ सरळ रेषेत दिसते, रूळ फिरतात. प्रोटोटाइपच राहिलं, त्यामुळे निवांत फोटोच बघायचा, त्रास होत नाही.

भटके तास हा प्रकार तर आणखी जुना. रोममधल्या काम्पानी बंधूंनी १६५० च्या दशकात पोप सातवा अलेक्झांडर याच्यासाठी रात्रीचं घड्याळ केलं, त्याला टिकटिकीने झोप यायची नाही आणि अंधारात वेळही बघायची होती, तर आत दिवा आणि कापलेले आकडे एका कमानीवरून सरकत जातात. आकडाच काटा. ओडमार पिगेने तेच १९९१ मध्ये स्टार व्हील म्हणून मनगटावर आणलं.

चकतीवाली_मावशी

मी उशिरा आले पण एक सांगतेच. काट्यांऐवजी पारदर्शक चकत्या असलेली घड्याळं असतात, झोडियाकचं १९६९ चं अ‍ॅस्ट्रोग्राफिक बघा, काटे हवेत तरंगल्यासारखे वाटतात आणि सेकंदाच्या जागी एक लाल ठिपका फिरतो. त्या जातीचं एक माझ्याकडे होतं, दुसऱ्या कंपनीचं. सर्व्हिसिंगला दिलं, ज्यांनी केलं त्यांनी मशीन अगदी मन लावून केलं आणि मग काय वाटलं कोण जाणे, चकती पण कापूस स्पिरिटमध्ये बुडवून पुसली. मला फोन आला म्हणून गेले तर टेबलावर तो कापूस तसाच होता, आणि माझा मिनिटकाटा त्या कापसावर, चकतीवर फक्त त्याचं टोक उरलेलं. त्यांचा चेहरा बघून मला ओरडता पण येईना.

ती चकती आजतागायत मिळालेली नाही. साध्या घड्याळाचा काटा हरवला तर दुसरा बसवता येतो, इथे डायल म्हणजेच काटा, गेला की गेला. म्हणून चकतीवालं काहीही द्याल तेव्हा तोंडी नाही, चिठ्ठीवर लिहून द्या: चकत्यांना कोणतंही द्रव लावायचं नाही, फक्त हवा मारायची. आणि तेच मॉडेल बंद पडलेलं कुठे स्वस्तात दिसलं तर उचलून ठेवा, चकत्यांसाठी.

तिरपा_काटा

बाप रे, एवढं सगळं मिळेल वाटलं नव्हतं. काल दोन्ही बघून आलो, सांगतो.

रेग्युलेटर. आबा, बॅलन्सच्या खाली ६४९८. मी भिंग डोळ्याला लावलं तसा विकणारा बोलायचा थांबला. मी काहीच बोललो नाही, म्हटलं बाकीचंही बघू. साडेतीन वाजले असतील असं लावलं, तासाचा छोटा काटा ३ आणि ४ च्या बरोबर मध्ये, म्हणजे काम चोख आहे हो, डायलवर पण एक रेघ चुकलेली नाही. पण डाग नाही, ओरखडा नाही, ८० वर्षांत कुणी घातलंच नाही असं. मी विचारलं हे १९४० चं कशावरून, तर म्हणाला मला ज्याने दिलं त्याने सांगितलं. जुनं_ते_जुनं, तुमचा तिसरा मालक तो हाच बहुतेक.

खरं सांगू, अजूनही मन तिथेच आहे. नवं म्हणून, नव्यासारखं सांगून विकलं असतं तर घेतलं असतं.

मग जंप अवर. बारा उड्या मोजल्या, पुढेच फिरवून, समोरचा माणूस हसत होता. अकरा ठीक, शेवटची तीन-चार मिनिटं सरकतं आणि खट्, जसं तुम्ही लिहिलंय तसंच. पण ९ चा १० होताना अडतं. १० अर्धा वर येऊन थांबतो, खिडकीत वर ९ ची शेपटी खाली १० चं डोकं, आणि चार मिनिटं उलटून गेल्यावर एकदम बसतो. पुन्हा पूर्ण फेरी मारली तरी तिथेच. हे काय असेल? परवापर्यंत राखून ठेवायला सांगितलंय.

गिअरवाला_आबा

दर वेळी त्याच आकड्यावर अडत असेल तर तासाच्या चाकाचा तेवढा एक दाता झिजलाय किंवा वाकलाय. वेगवेगळ्या आकड्यांवर अडलं असतं तर जंपर स्प्रिंग ढिली किंवा तेल घट्ट झालंय म्हटलं असतं. दाता म्हणजे मोठं दुखणं नाही, भिंगाखाली दगडाने जरा साफ करता येतो, करणारा मात्र धीराचा हवा. घासायला सांगू नका, "बघा" एवढंच सांगा.

बहुतेक कोणीतरी ते १० वाजता मागे फिरवलं असणार.

खिडकीतला_८

मी नाही 😶

तिरपा_काटा

घेतलं. मावशी, चिठ्ठी लिहून रबराने घड्याळालाच बांधली आणि मगच सर्व्हिसिंगला दिलं. घड्याळजींनी ती दोनदा वाचली आणि माझ्याकडे बघितलं, म्हणाले, कोणाची चकती गेली?